जिप्सी किंग (१९९८): कार्ब बदलू की आधी मेनिफोल्ड बघू?

घनसाळ
नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. जरा मोठं होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

गाडी १९९८ची जिप्सी किंग. १२९८ सीसी, आठ व्हॉल्व्हचं कार्बवालं (कार्ब्युरेटरचं) इंजिन, म्हणजे २०००मध्ये एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शन) आलं त्याच्या आधीचं. वडिलांनी काजूच्या बागेसाठी घेतली होती आणि आजही तिचं मुख्य काम तेच आहे. आजऱ्याहून आंबोलीकडे जाताना डोंगराच्या पोटाला आमची बाग आहे. वर जायला जांभ्या दगडाची वाट, तीन वळणं. तिसऱ्या वळणावर चढ एवढा, की बॉनेटशिवाय पुढचं काहीच दिसत नाही. मोबाइलवर मोजला तर २६ अंश आला.

त्रास असा. लो रेंज, पहिला गिअर टाकून तिसऱ्या वळणावर निम्म्यात आलो की इंजिन गुदमरतं. पेट्रोलचा वास येतो, मागून काळा धूर निघतो आणि गाडी बंद पडते. पाच मिनिटं थांबून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की चालू होते. सपाटीवर वेगळंच रडगाणं. थंड असताना ठीक चालते, गरम झाली की स्लोला (अॅक्सिलरेटर न दाबता) हंटिंग करते, ९०० आणि १४०० आरपीएमच्या मध्ये वरखाली. अॅव्हरेज ८वर आलंय.

गावच्या मिस्त्रींनी कार्बचं किट दोनदा बदललं. थ्रॉटल शाफ्ट (कार्बमधली हवेची पाकळी फिरवणारा दांडा) हाताने हलवला तर खुळखुळ हलतो. ते म्हणतात, बॉडीच झिजली, नवी मिळत नाही. तेवढ्यात मामेभाऊ परदेशातून आला आणि येताना माझ्यासाठी वेबर ३२/३६ डीजीईव्ही आणि अॅडॅप्टर प्लेटचा संच घेऊन आला. डबा समोर टेबलावर आहे. बसवू का? बसवायचा तर कशी काळजी घेऊ? वडील आता नाहीत. त्यांची गाडी माझ्या हातून बिघडू नये एवढंच वाटतं.

वेताळटेकडी
बसवा की! ३२/३६ म्हणजे सोन्यासारखा कार्ब आहे. प्रोग्रेसिव्ह आहे, आधी ३२ची नळी उघडते, ती अर्ध्याहून जास्त उघडली की ३६ची उघडायला लागते. पिकअपमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडेल. त्याच वेळी मेनिफोल्ड (कार्बमधून सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्या) काढून आतून पॉलिश करून घ्या, आरशासारखं. पोर्टही (सिलिंडरांकडे जाणारी तोंडं) मोठे करून टाका.

दहाबाराचा पाना
घनसाळ, आधी डबा बंद करून कपाटात ठेवा. कार्ब चांगला आहे, पण त्याच्या वेळेला बाहेर काढू.

तुमच्या गाडीला एक नाही, दोन आजार आहेत आणि ते एकमेकांत मिसळलेत. चढावर गुदमरणं म्हणजे पेट्रोल जास्त होणं. गरम झाल्यावर हंटिंग म्हणजे बहुतेक वेळा कुठून तरी चोरून हवा आत जाणं, इंजिन एअर घेतंय. शाफ्ट हलतो तिथून थोडी जातच असेल, पण गरम झाल्यावर वाढतं म्हटलंत ना, तिथे माझा संशय मेनिफोल्डवर जातो. अॅल्युमिनियमची फ्लँज गरम झाली की पसरते, पॅकिंग जुनं असलं की फट पडते. अशा मेनिफोल्डवर जगातला सर्वांत महागडा कार्ब ठेवला तरी हंटिंग जाणार नाही. मग तुम्ही सहा महिने जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) बदलत बसाल आणि दोष कार्बला द्याल. मी चाळीस वर्षं गॅरेजमध्ये काढली, हे अनेकदा पाहिलंय.

तपासायची सोपी रीत सांगतो. इंजिन गरम करा, स्लोला चालू ठेवा. झाडांवर पाणी फवारायची हातपिचकारी घ्या, बारीक फवारा करा आणि मेनिफोल्ड हेडला जिथे जोडलाय तिथे एकेका पोर्टपाशी मारा. मग कार्बच्या बुडाशी. नंतर शाफ्टच्या दोन्ही टोकांना. ज्या जागी आवाज बदलेल ती जागा गळकी. कार्ब क्लीनरच्या स्प्रेने लोक करतात तसं करू नका, गरम एक्झॉस्टवर भडका उडतो. डिस्ट्रिब्युटरवर पाणी जाऊ देऊ नका. व्हॅक्यूम गेज मिळालं तर लावा, निरोगी इंजिन स्लोला १८ ते २० इंच दाखवतं आणि काटा स्थिर असतो.

वेताळटेकडी, तुमचा उत्साह आवडला, पण आरशासारखं पॉलिश मात्र नको. ते इंजेक्शनच्या किंवा रेसच्या गाडीत ठीक. कार्बच्या गाडीत मेनिफोल्डमधून नुसती हवा जात नाही, पेट्रोलचे थेंब जातात. भिंत गुळगुळीत असली की थेंब भिंतीला चिकटून ओघळतात आणि एका सिलिंडरला जास्त, दुसऱ्याला कमी असं वाटप होतं. ओतकामाचा थोडा खरखरीतपणा उपयोगाचा असतो, थेंब फुटतात. पोर्ट मोठे केले तर खालच्या आरपीएमला हवेचा वेग पडेल, आणि याला तर चढावर खालच्याच आरपीएमची ताकद हवी आहे.

वेताळटेकडी
मान्य, काका. पॉलिशचं मी व्हिडिओत पाहिलं होतं, ती इंजेक्शनची गाडी होती हे आता लक्षात येतंय. पण पोर्ट मॅचिंग तरी करावं ना?

दहाबाराचा पाना
ते जरूर करावं. पॅकिंग आधी हेडवर धरून बघा, मग मेनिफोल्डवर. दोन्हीकडच्या भोकांच्या कडा जुळत नसतील, पायरी पडली असेल, तर तेवढी पायरी घासून काढायची. बाकी हात लावायचा नाही.

निवडुंग
मी कॅलिफोर्नियात असतो, मूळचा सांगलीचा. इथे हीच गाडी सामुराई नावाने १९८६ मॉडेलपासून १९९५पर्यंत विकली गेली. इथली बरीचशी सामुराई मंडळी कार्बला कंटाळून वेबरवर गेली आहेत, त्यामुळे या अदलाबदलीचा अनुभव इथे भरपूर आहे. (कॅलिफोर्नियात रस्त्यावरच्या गाडीला हवा-मंडळाच्या परवानगी क्रमांकाशिवाय असा कार्ब लावता येत नाही. माझी गाडी शेजारच्या ॲरिझोनात मित्राच्या शेतावर असते.)

घनसाळ, तुमचा खरा प्रश्न चढाचा आहे, म्हणून फ्लोटच्या वाटीबद्दल (कार्बमध्ये पेट्रोल साठतं ती वाटी, पातळी तरंगता फ्लोट राखतो) लिहितो. सपाटीवर वाटीतलं पेट्रोल आणि नळीतलं तोंड यांच्या उंचीत ठरावीक फरक असतो. गाडी २६ अंशांनी वर तोंड करून उभी राहिली की तो फरक बिघडतो. वाटी नळ्यांच्या मागे असेल तर चढावर ती खाली जाते, पेट्रोल मागच्या भिंतीला जमतं, जेट कोरडे पडतात आणि इंजिन उपाशी मरतं. वाटी पुढे असेल तर चढावर ती वर जाते, पेट्रोल जेटकडे येतं. जेट ओले राहतात, पण पातळी जास्त असेल तर तोंडातून आपोआप ठिबकायला लागतं आणि इंजिन बुडतं.

या दोघांत वाटी पुढे असलेली बरी, कारण चढावर इंजिनला पेट्रोल हवंच असतं आणि ठिबकणं पातळी थोडी खाली करून आवरता येतं. उतारावर उलट होईल, पण उतारावर इंजिनवर भार नसतो. अॅडॅप्टर प्लेटला भोकं कशी आहेत बघा. कार्ब ज्या दिशेला बसेल त्यावर सगळं अवलंबून आहे.

आणखी एक. प्लेट दोन थरांची असते. खालचा थर मेनिफोल्डला, वरचा खालच्याला. खालच्याचे स्क्रू वरच्या थराखाली झाकले जातात. ते ढिले झाले तर दिसतही नाहीत आणि एअर घ्यायला लागतं. माझ्याकडे तीन हजार किलोमीटरवर हेच झालं. स्क्रूला थ्रेड लॉक लावा आणि डोक्याच्या कडेला पंचाने एक ठोका द्या.

रानजाई
मी नाशिकहून. माझी पण कार्बवालीच जिप्सी आहे, एमजी ४१०, ९७० सीसीची, ४५ बीएचपीची छोटी. २०१६ला ती घेऊन लेहपर्यंत गेले होते. तिथे ३५०० मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या सत्तर टक्केच असते, पण जेट तेवढंच पेट्रोल ओतत राहतो. हिशोबाने मिश्रण वीसेक टक्के रिच (पेट्रोल जास्त) होतं. मनालीला प्लग विटकरी होते, लेहला काढले तेव्हा काजळ धरलेलं. तिथे एका रात्री हॉटेलच्या अंगणात टॉर्च लावून मेन जेट दोन नंबरने लहान केले आणि दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड चढली.

हे एवढ्यासाठी सांगतेय की घनसाळ, जेटचा संच जवळ ठेवा. कार्बसोबत आलेले जेट तुमच्या इंजिनसाठी, तुमच्या उंचीसाठी निवडलेले नसतात. माझा एक प्रश्न पण आहे: हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं काय? माझी गाडी गेल्या वर्षापासून सकाळी चोकशिवाय अजिबात उचलत नाही.

दहाबाराचा पाना
रानजाई ताई, प्रश्न अगदी मोक्याचा आहे. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. वीस टक्के मिसळलं की आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे त्याच जेटने मिश्रण आठेक टक्के लीन (पेट्रोल कमी) झालं. इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून हे सांभाळून घेते, कार्बला सांगणारं कोणी नाही, तो जुन्याच मापाने ओततो. भरपाईला जेटचं क्षेत्रफळ आठ टक्के वाढवायचं. व्यास चारच टक्के वाढतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. जेटवरचा नंबर म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भाग, १२० म्हणजे १.२० मिमी. तर १२०चा १२५ केला की झालं.

दुसरं नुकसान रबराचं. जुन्या गाडीचे पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा, निडलचं (वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईचं) टोक, सगळं फुगतं किंवा चिकट होतं. पाइप बदलाच. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवा, इथेनॉल पाणी ओढतं आणि अॅल्युमिनियमवर पांढरा थर चढतो.

घनसाळ
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, मला अरे-तुरेच करा.

काल पिचकारी मारली. शाफ्टला मारल्यावर थोडा फरक पडला. पण मेनिफोल्डच्या खालच्या अंगाने, चौथ्या सिलिंडरपाशी फवारा लागला आणि इंजिन एकदम स्थिर झालं. हंटिंग बंद! फवारा थांबवला की पुन्हा सुरू. चार वेळा करून बघितलं, चारही वेळा तेच. अंगावर काटा आला. तीन वर्षं मी कार्बला शिव्या घालतोय.

खालचे नट तपासले, दोन हातानेच फिरले. आवळू का फक्त?

दहाबाराचा पाना
नुसतं आवळू नकोस. ढिल्या नटांवर इतकी वर्षं चालली म्हणजे फ्लँज वाकलेली असणार. आता आवळलंस तर महिनाभर बरं वाटेल, नंतर परत तेच. काढ.

काढताना लक्षात ठेव, या इंजिनात कूलंट मेनिफोल्डमधूनच जातं, थर्मोस्टॅट त्याच्यावरच बसवलाय. आधी रेडिएटर रिकामा कर, नाहीतर पोर्टमधून पाणी सिलिंडरमध्ये जाईल. पोर्टांत स्वच्छ फडकी कोंब आणि किती कोंबलीस ते मोजून ठेव. स्टड गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेव. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणी सर्फेस ग्राइंडिंगवाला ओळखीचा आहे का?

वेताळटेकडी
एक शंका. मेनिफोल्डला गरम पाणी कशाला? थंड हवा जड असते, ताकद जास्त देते. काही जण कार्बखाली जाड बेकेलाइट लावून गरमी तोडतात.

दहाबाराचा पाना
बेकेलाइट आणि मेनिफोल्डचं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेकेलाइट कार्बच्या वाटीला उष्णता लागू नये म्हणून असतो. मे महिन्यात गाडी बंद केल्यावर वाटीतलं पेट्रोल उकळून नळीत सांडतं, ते त्याने थांबतं. तो हवाच.

मेनिफोल्डचं पाणी पेट्रोलची वाफ व्हावी म्हणून असतं. पेट्रोलची वाफ होताना भोवतालची उष्णता शोषली जाते, व्हेंच्युरीपाशी (कार्बच्या नळीचा अरुंद गळा) तापमान वीस अंशांनीसुद्धा उतरतं. घनसाळची बाग आंबोलीच्या बाजूला. जुलैत तिथे बाहेर वीस-एकवीस अंश आणि हवा पाण्याने ओथंबलेली. अशा हवेत थ्रॉटलच्या पाकळीवर खराखुरा बर्फ धरतो. लोक हसतात, पण मी पाहिलंय. गाडी घाटात बंद पडते, मिस्त्री येईपर्यंत बर्फ वितळतो आणि दोष सापडत नाही. ते पाणी कधी तोडू नये.

घनसाळ
मेनिफोल्ड आज निघाला. खालच्या दोन नटांनी घाम काढला, गाडीखाली झोपून लांब एक्स्टेन्शन लावून पाव-पाव आट्याने सोडवले. एक स्टड तुटला, हेडमध्ये उरलेला तुकडा उलटा ड्रिल मारून काढला.

संध्याकाळी कोल्हापूरला उद्यमनगरात नेला. वडिलांनी ऑइल इंजिनाची कामं ज्यांच्याकडे केली, त्यांच्याच मुलाकडे. त्यांनी मशिनवर चढवण्याआधी मला दाखवलं. जाड काच घेतली, तेलात कालवलेला शेंदूर तिच्यावर बोटाने पातळ पसरला आणि मेनिफोल्डची फ्लँज अलगद टेकवून थोडी हलवून उचलली. पहिल्या तीन पोर्टांच्या कडेला शेंदूर लागला होता, चौथ्याच्या खालच्या निम्म्या भागाला टिपूससुद्धा नाही. मग स्टीलची पट्टी धरून फिलर गेज घातलं, ०.२० सरळ गेलं. मी तिथेच उभा राहून बराच वेळ ती पांढरी राहिलेली जागा बघत होतो.

०.२५ मिमी घासून घेतलं. नंतर परत शेंदूर लावला, चारही पोर्टांभोवती सलग लाल रेघ. अॅडॅप्टर प्लेटही तशीच तपासली. परदेशातली कोरी प्लेट, पण कडेला ०.०८ वाकलेली! ती पण घासून घेतली.

रानजाई
शेंदराची गोष्ट वाचून फार छान वाटलं. आमच्याकडेही जुने फिटर असंच करत, आता कोणी करताना दिसत नाही. फोटो काढला असेल तर टाका.

नोंदवही
मध्येच एक कायद्याची बाजू मांडतो, कारण धागा पुढे बरेच जण वाचतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार आरसीवरची माहिती निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९च्या निकालात हेच सांगितलंय. इंजिन बदलणं, चेसिसला हात लावणं हे उघड त्यात येतं. कार्बचा उल्लेख आरसीवर नसतो, तरी पीयूसी पास व्हावीच लागेल. १९९८च्या पेट्रोल चारचाकीला स्लोला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) १५०० पीपीएमची मर्यादा आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, तेव्हा निरीक्षक बॉनेट उघडून बघतो. मूळ कार्ब आणि मूळ फिल्टरचा डबा टाकून देऊ नका. परत बसवायची वेळ आली तर हाताशी हवा.

माडाची सावली
गोव्याहून. फिल्टरवरून आठवलं. वेबरबरोबर जो चपटा चकचकीत फिल्टर येतो तो लावू नका. आमच्या केपे भागात खाणीच्या रस्त्यांवरची लाल धूळ त्यातून सरळ आत गेली, माझ्या मित्राच्या इंजिनच्या रिंगा वर्षात गेल्या. पावसात ओहोळ ओलांडताना पंख्याने उडवलेलं पाणीही त्यातूनच आत जातं. मूळ डबा ठेवा, कार्बवर टोपी बसवून रबरी नळीने डब्याला जोडा. नळी उंच घ्या.

निवडुंग
माडाची सावली यांच्याशी शंभर टक्के सहमत. अजून थोडं, बसवण्याआधी वाचून घ्या:

वेबरला पेट्रोलचा दाब अडीच ते साडेतीन पीएसआयच्या वर चालत नाही. निडल उचलला जातो, वाटी भरून वाहते आणि लोक परत पातळीला दोष देतात. टाकीकडे जाणारी रिटर्न लाइन कोणत्याही कारणाने बंद करू नका. उन्हाळ्यात व्हेपर लॉकपासून (पाइपात पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडणं) तीच वाचवते. डिस्ट्रिब्युटरच्या अॅडव्हान्सची नळी थ्रॉटलच्या वरच्या पोर्टला जोडा. ब्रेक बूस्टरची नळी मात्र मेनिफोल्डलाच, मधला चेक व्हॉल्व्ह तपासून. डीजीईव्हीमधला ई म्हणजे इलेक्ट्रिक चोक, त्याला इग्निशनवरून १२ व्होल्ट द्या. कायमच्या प्लसला जोडू नका.

आणि थ्रॉटलला परतीच्या दोन स्प्रिंगा. एक तुटली तर दुसरी पाकळी बंद करेल. बागेच्या उतारावर थ्रॉटल अडकणं म्हणजे काय, याची कल्पना करा.

घनसाळ
मंडळी, एक निर्णय घेतला. आधी जुनाच कार्ब बसवला, मुद्दाम. काकांनी दोन आजार वेगळे करायला सांगितले होते, तर एक बरा झाला की नाही ते कळलं पाहिजे.

नवं पॅकिंग, नवे स्टड, मधून कडेला अशा क्रमाने तीन टप्प्यांत आवळलं. गाडी गरम केली, परत आवळलं. स्लो ८५०ला स्थिर. व्हॅक्यूम १८.५ इंच, काटा किंचित थरथरतो, तो शाफ्टचा. हंटिंग गेलं. तीन वर्षांचं हंटिंग एका पॅकिंगने आणि पाव मिलिमीटरने गेलं.

तिसरं वळण मात्र तसंच. निम्म्यात गुदमरली.

दहाबाराचा पाना
शाब्बास. आता कपाटातला डबा काढ.

घनसाळ
रविवारी वेबर बसला. प्लेट उलटसुलट धरून बघितली, दोन्ही दिशांनी बसत होती. वाटी पुढे घेतली. त्यामुळे अॅक्सिलरेटरची केबल ओढायची दिशा बदलली, नवा कंस वाकवून करावा लागला. प्लेटचे आतले स्क्रू थ्रेड लॉक लावून पंच मारले. टोपी बसवल्यावर बॉनेट टेकतंय का ते बघायला टोपीवर मळलेल्या कणकेचा गोळा ठेवून बॉनेट लावलं आणि उघडलं. गोळा १४ मिमी जाड राहिला. इंजिन माउंटवर हलतं म्हणून एवढी जागा बरी.

सोबत आलेले जेट (आधी ३२च्या नळीचा, मग ३६च्या): मेन १४०/१४०, स्लो ६०/५०. चालू झाली, पण धूर आणि वास. मिश्रणाचा स्क्रू दोन आटे बाहेर ठेवून सुरुवात केली, आत घेत घेत निम्म्या आट्यावर आलो तेव्हा इंजिन गुळगुळीत झालं.

दहाबाराचा पाना
निम्म्या आट्यावर आलास म्हणजे स्लो जेट मोठा आहे. स्क्रू दीड ते दोन आट्यांच्या मध्ये सर्वांत चांगला चालला पाहिजे. दोनच्या पुढे गेला तर जेट लहान, दीडच्या बराच आत आला तर मोठा. ६०चा ५५ कर. आणि स्पीडचा स्क्रू पाकळीला टेकल्यापासून दीड आट्याहून जास्त आत घालू नकोस. तेवढा घालावा लागला तर पाकळी स्लोची भोकं ओलांडून वर जाते आणि सगळं सेटिंग खोटं पडतं.

मेन १४० तुझ्या इंजिनला जास्तच आहे. हिशोब बघ. ४ स्ट्रोक, १२९८ सीसी, २००० आरपीएमला पूर्ण भरलं तरी मिनिटाला १३०० लिटर हवा. चढावर तू त्याहून खालीच असतोस. ३२च्या नळीतली व्हेंच्युरी २६ मिमीची, ती हा सगळा भार एकटीच पेलते. मेन १३० लाव. ३६च्या बाजूला १३५ ठेव, ती हायवेवरच उघडणार. इथेनॉल धरून सांगतोय, नाहीतर अजून एक नंबर कमी सांगितला असता.

प्लग बघताना मात्र स्लोवर ठेवून बघू नकोस. चढावर भार देऊन चावी बंद कर, तिथेच थांब आणि तिथेच प्लग काढ.

निवडुंग
आणि फ्लोटची पातळी ठरलेल्या मापापेक्षा दीड मिमी खाली. एकदम जास्त नको. पुन्हा सपाटीवर पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन बघा, उपाशी पडत नाही ना.

घनसाळ
उशीर झाला, काजूची कामं चालू होती. आज सविस्तर.

स्लो ५५/५०, मेन १३०/१३५. स्क्रू पावणेदोन आट्यावर बसला. व्हॅक्यूम १९.५, काटा जागचा हलत नाही.

पहिल्यांदा पातळी मूळ मापावर ठेवून चढवली. तिसऱ्या वळणावर थांबवून हँडब्रेक लावला, चाकांना दगड लावले, इंजिन बंद केलं आणि टोपी काढून टॉर्चने आत बघितलं. ३२च्या नळीतल्या तोंडाशी पेट्रोलचा थेंब फुगत होता, हळूहळू मोठा होऊन पडायचा आणि दुसरा यायचा. इंजिन बंद असताना! निवडुंग यांनी लिहिलेलं सगळं तिथे समोर दिसत होतं. घरी येऊन पातळी दीड मिमी खाली केली. परत त्याच जागी थांबलो. तोंड ओलं, पण थेंब सुटत नाही. दहा मिनिटं बघत बसलो.

मग चालू केली. सेल्फ लागताच उचलली. लो फर्स्टमध्ये १२००वर शांतपणे चढत गेली, गुदमरली नाही, धूर नाही. वर पोचल्यावर चावी बंद करून प्लग काढले. चारही विटकरी. चौथा आतापर्यंत कायम पांढरा असायचा, हवा चोरणारा. तोही बाकीच्यांसारखाच.

आईला मागच्या सीटवर बसवून पुन्हा वर नेली. ती वर उतरून म्हणाली, आवाज तुझे बाबा चालवायचे तसा येतोय.

पीयूसी काल केली, सीओ १.६ टक्के, एचसी ३८०. अॅव्हरेज बागेच्या वाटा धरून साडेदहा.

रानजाई
घनसाळ, वाचताना डोळे भरून आले. अभिनंदन.

मी तुमचं वाचून माझ्या ४१०वर पिचकारी मारली. मेनिफोल्ड नीट आहे, पण कार्बच्या बुडाशी एअर घेतेय. सकाळी चोकशिवाय न उचलण्याचं कारण बहुधा तेच, इथेनॉल एकटं नव्हे. पाना काका, बेकेलाइटच्या ठोकळ्याला भेग दिसतेय. अॅल्युमिनियमचा करून लावला तर चालेल?

दहाबाराचा पाना
ताई, अॅल्युमिनियमचा नको, वाटी उकळेल. बेकेलाइटच हवा. रविवार पेठेत इन्सुलेशनचा पत्रा मिळतो, मिळाला नाही तर जुन्या स्विचबोर्डाची जाड पाटी चालते. मूळ ठोकळ्याइतकीच जाडी घ्या, नाहीतर स्टड अपुरे पडतील. भोकं ड्रिलने पाडल्यावर आतली धार कानशीने मोडा, दोन्ही बाजू काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासा आणि दोन्हीकडून नवं पॅकिंग लावा. नट फार आवळू नका, कार्बची फ्लँज त्यानेच वाकते.

घनसाळ
ताई, माझ्या जुन्या कार्बखालचा बेकेलाइट जरा जाड वाटतो, पण अखंड आहे. कार्ब मी तेलाच्या कापडात गुंडाळून ठेवलाय, नोंदवही यांनी सांगितल्याप्रमाणे. वेबरखाली प्लेट असल्यामुळे ठोकळ्याचं सध्या काम नाही. ४१०ला बसतो का ते आधी बघू. तुमच्या ठोकळ्याचं माप आणि दोन स्टडमधलं अंतर कळवा, उद्या सकाळी व्हर्निअर लावून सांगतो.